सभासद वाढवण्यात यावेत

महाराष्ट्रात माणसाला अमर व्हायचे दोन मार्ग आहेत. एक, काहीतरी मोठं काम करून चौकात पुतळा होऊन उभं राहणं. दुसरा, सार्वजनिक वाचनालयाचा आजीव सभासद होणं. दुसरा स्वस्त पडतो आणि त्यात कावळ्यांचा त्रास नाही.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या नोंदवहीची पहिली कित्येक पानं अशा अमर मंडळींनी भरलेली आहेत. त्यांतल्या अनेकांच्या शोकसभा आमच्याच सभागृहात झाल्या. आम्हीच ठराव मांडले, आम्हीच दोन मिनिटं उभे राहिलो, आणि मग खाली जाऊन त्याच नोंदवहीच्या आधारे ‘एकूण सभासद’ या रकान्यात त्यांना धरून आकडा लिहिला. आजीव म्हणजे हयात असेपर्यंत, हे सगळ्यांना मान्य आहे. हयात संपल्याचं वाचनालयाला कुणी कळवायचं, हे मात्र घटनेत लिहिलेलं नाही. घरची माणसं बँकेला कळवतात, विमा कंपनीला तर लगेच कळवतात, पण वाचनालयाला कळवत नाहीत. कळवलं तर कपाटातली तीन पुस्तकं परत करावी लागतील.

यातला आर्थिक भागही पाहण्यासारखा आहे. 1970 च्या सुमाराला कुणी 101 रुपये भरून आजीव झाला असेल, तर ती रक्कम संस्था मुदत ठेवीत ठेवते आणि व्याजावर त्याला जन्मभर वाचायला देते. सात टक्के धरले तर वर्षाचे सात रुपये सात पैसे होतात. त्यात आज एका दिवसाचं एक वर्तमानपत्र येतं. उरलेले 364 दिवस तो सभासद संस्थेवर प्रेम करतो.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग नव्या कार्यकारिणीत एक तरुण निवडून आला. पुण्याला कंपनीत आहे, शनिवार-रविवार गावी असतो, आणि सभेला येताना बरोबर लॅपटॉप आणतो. त्यामुळे त्याचं नावच लॅपटॉप पडलं. पहिल्याच सभेत त्यानं विचारलं, "आपल्या संस्थेचं उद्दिष्ट काय आहे?"

कार्यवाहांनी घटनेचं पिवळं पुस्तक काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "परिसरात वाचनसंस्कृती रुजवणे व तिचे संवर्धन करणे."

"मग किती रुजलीय?"

सभेत शांतता पसरली. अध्यक्ष माजी मुख्याध्यापक. उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा, हे त्यांनीच तीन पिढ्यांना शिकवलेलं. ते म्हणाले, "बऱ्यापैकी."

"टक्क्यांमध्ये?"

"टक्क्यांमध्येसुद्धा बऱ्यापैकी."

मग लॅपटॉपनं आम्हाला ‘स्मार्ट’ उद्दिष्टं समजावून सांगितली. जॉर्ज डोरान नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1981 साली व्यवस्थापनाच्या एका मासिकात दोन पानी लेख लिहिला आणि उद्दिष्ट कसं असावं याच्या पाच कसोट्या घातल्या. ते नेमकं असावं, मोजता यावं, ते कोण करणार हे ठरलेलं असावं, हाताशी असलेल्या साधनांत होण्यासारखं असावं, आणि त्याला मुदत असावी. पुढे इतरांनी त्यातली तिसरी कसोटी हळूच बदलली आणि ‘कोण करणार’ याच्या जागी ‘साध्य होण्यासारखं’ असं घातलं. ही दुरुस्ती कुठल्या देशातल्या कार्यकारिणीनं केली ते मला माहीत नाही, पण त्यांच्या सभेला मी बसलेलो असणार.

कारण ‘कोण करणार’ हा प्रश्न आमच्या प्रोसिडिंग बुकात शिरूच शकत नाही. कार्यवाह इतिवृत्त लिहितात त्यात माणूस नसतोच. "सभासदसंख्या वाढवण्याचे दृष्टीने योग्य ते प्रयत्न करण्यात यावेत असे सर्वानुमते ठरले." हे वाक्य मी 1960 सालच्या वहीत वाचलंय, 1985 च्या वहीत वाचलंय आणि मागच्या महिन्यात त्याखाली सहीही केलीय. प्रयत्न करण्यात येतात, ते कमी पडतात, त्याबद्दल खेद व्यक्त करण्यात येतो, आणि या सगळ्यात कुणाला खुर्चीतून उठावं लागत नाही.

लॅपटॉपनं मात्र हट्टच धरला. वर्षात 200 नवे सभासद करायचे, जुन्यांपैकी 80 टक्क्यांनी वर्गणी पुन्हा भरली पाहिजे, महिन्याची पुस्तकांची देवघेव दीडपट व्हायला हवी, थकलेली पुस्तकं निम्म्यावर आणायची, आणि वार्षिक सभा पहिल्याच वेळेला गणसंख्येसह भरली पाहिजे. प्रत्येकापुढे एक रकाना होता. त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायचं होतं.

आम्ही अकरा जणांनी एकदम ग्रंथपालबाईंकडे पाहिलं.

बाई सभेला येतात त्या नोंदवह्या घेऊन, आणि चहा सांगायला. त्या कार्यकारिणीच्या सदस्य नाहीत, त्यांना मत नाही. पगार अनुदानातून, आणि अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, म्हणजे यायचं तेव्हा येतं. तेवढ्या पगारात इतकी कामं करणारा माणूस दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर आम्ही त्यालाही सभेला बोलावून चहा सांगायला लावू. पाचही रकान्यांत बाईंचं नाव लिहिण्यात आलं.

लॅपटॉपनं पुढे विचारलं की सध्या सभासद किती आहेत. इथून गोंधळाला खरी सुरुवात झाली.

आमच्याकडे आश्रयदाते आहेत, हितचिंतक आहेत, आजीव आहेत, वार्षिक आहेत, मासिक आहेत, बालविभागाचे आहेत. दिवाळी अंक योजनेचे वेगळे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा आपण मराठी साहित्यात काय सुरू करतोय याची त्यांना कल्पना असेल, मराठी वाचनालयांच्या हिशोबात काय सुरू करतोय याची नसावी. दर दिवाळीला आमच्याकडे सभासदांची लाट येते. एकरकमी पैसे भरा आणि होळीपर्यंत हवे तितके अंक वाचा. ही मंडळी झपाट्यानं वाचतात. पहिले चार दिवस वार्षिक राशिभविष्य वाचतात, मग शब्दकोडं पेनानं सोडवतात, मग पाककृतीचं पान कात्रीनं व्यवस्थित कापून अंक परत करतात. होळीला लाट ओसरते. नोव्हेंबरात मोजलं तर आम्ही भरभराटीत असतो, मे महिन्यात मोजलं तर डबघाईला आलेलो असतो. म्हणून कार्यवाह नोव्हेंबरात मोजतात.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला डबा घेऊन येतात आणि रात्री दिवे घालवायच्या वेळी जातात. वर्गणी वेळेवर भरतात, हजेरी शंभर टक्के. खरं म्हणजे संस्थेचं विजेचं बिल तीच भागवतात. पण वाचनालयाचं एकही पुस्तक ती उघडत नाहीत. आपापली पुस्तकं घरून आणतात आणि आमची फक्त खुर्ची, पंखा आणि वायफाय वापरतात. आमच्या ग्रंथसंग्रहाशी त्यांचा संबंध एवढाच, की दुपारी डुलकी लागली तर विश्वकोशाचा एखादा खंड उशाला येतो. उंची बरोबर जमते म्हणे.

आणि तळमजल्यावर वर्तमानपत्र विभाग, तो सर्वांना मोफत. उघडायच्या आधी दारात जी पाच-सात ज्येष्ठ मंडळी उभी असतात, ज्यांना कुठल्या कपाटाची काच तडकलीय हेही पाठ आहे, जी गणपतीत आरतीला असतात, जी वाचनालय एक दिवस बंद राहिलं तर अध्यक्षांच्या घरी जाऊन विचारतात, ती सभासद नाहीत. कधीच नव्हती. गरज पडली नाही.

लॅपटॉपनं हे सगळं टिपून घेतलं आणि जरा वेळानं म्हणाला, "म्हणजे सभासद आहेत ते येत नाहीत, आणि येतात ते सभासद नाहीत."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. समोरच्याला धडा कळला की शिक्षकाला होतो तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

खरं तर हा घोळ आजचा नाही. रत्नागिरीत 1828 मध्ये, नाशकात 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये वाचनालयं निघाली. पुढे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. ही सगळी वर्गणी गोळा करत वाढली, म्हणजे वर्गणीसाठी लोकांच्या दारी जाणं हा आपला जुना सार्वजनिक व्यायाम आहे. त्यातून सुटका करण्याचा धाडसी प्रयत्न केला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. त्यांनी 1910 साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला, संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं विणलं आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. सभासद वाढवा हा ठराव करायची पाळीच ठेवली नाही. पण त्यासाठी संस्थान असावं लागतं. आमच्याकडे दोन मजली इमारत आहे आणि तीही मागून गळते.

स्वातंत्र्यानंतर 1967 साली महाराष्ट्रानं ग्रंथालयांचा कायदा केला आणि आम्हाला अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलं. कुठल्या वर्गाला किती ग्रंथ, किती सभासद, किती वर्तमानपत्रं, हे ठरलेलं. त्यावर अनुदान ठरतं. योजना चांगलीच होती, तिच्यामुळे खेडोपाडी वाचनालयं उभी राहिली, हे मी सभेत उभं राहून सांगायला तयार आहे. पण एकदा सरकारनं आकडा मागितला की तो तयार होतो, हेही तितकंच खरं.

याचं उत्तम उदाहरण वाचनालयाचं नाही, उंदरांचं आहे. 1902 साली हनोई शहरात फ्रेंच सरकारनं उंदीर मारणाऱ्याला बक्षीस लावलं. पुरावा म्हणून अख्खा उंदीर नको, नुसती शेपटी आणा, असं ठरलं. शेपट्यांचे ढीग आले. आणि थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पुढच्या शेपट्यांची सोय. काहींनी तर उंदीर पाळलेच. मुंबई महापालिका या बाबतीत शहाणी. तिच्या रात्रपाळीच्या मूषक संहारकांना एका पाळीत 30 उंदरांचं उद्दिष्ट असतं आणि मोजणी अख्ख्या उंदरांची होते.

आमच्या क्षेत्रात मात्र शेपट्याच मोजायची पद्धत पडली. नोंदवहीतलं नाव ही सभासदाची शेपटी. 2012 साली सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा बिनशेपटीचे बरेच उंदीर आणि बिनउंदरांच्या बऱ्याच शेपट्या सापडल्या. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षं बंद राहिली. आमच्या संस्थेनं त्याच सुमाराला ‘ब’मधून ‘अ’मध्ये जाण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. सगळ्या अटी पुऱ्या केल्या. मग कळलं की दारच बंद आहे. तेवढ्यासाठी घेतलेली जादा वर्तमानपत्रं कित्येक वर्षं वर्तमानपत्र विभागातल्या बिनसभासदांनी वाचली.

तर 200 सभासदांची मोहीम पाडव्याला सुरू झाली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं घरची माणसं संपवली. दुसऱ्या आठवड्यात मेव्हणे, साडू आणि व्याही संपवले. खजिनदारांचं कापडाचं दुकान. त्यांनी नोकरांच्या पगारातून वर्गणी कापून घेतली. त्यातला एकजण नंतर बाईंना विचारायला आला की हा फंड निवृत्तीनंतर मिळतो का. उपाध्यक्ष डॉक्टर. त्यांनी अर्जाचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि औषध लिहून दिल्यावर ‘हेही भरून खाली द्या’ असं म्हणायला सुरुवात केली. पेशंट मुकाट्यानं भरून देत होते. एका आजीबाईंनी तर हे उपाशीपोटी द्यायचं की जेवून, असंही विचारलं.

तरी मोहीम निम्म्यावर अडकली. तेवढ्यात गावात बातमी पसरली, की लॅपटॉप पुढच्या निवडणुकीला पॅनेल उभं करणार आहे आणि ही भरती त्याचीच तयारी आहे. आमच्या घटनेप्रमाणे एक वर्ष जुना सभासद मतदार होतो. आता गावातल्या दुसऱ्या गटाला झोप कुठली लागायला? आठ दिवसांत बाईंच्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे येऊन पडले. सगळ्यांची वर्गणी रोख, सगळ्यांचं अक्षर एक, आणि ‘आवडता लेखक’ या रकान्यात सगळ्यांचं उत्तर ‘होय’. मोहीम मुदतीच्या कितीतरी आधी पूर्ण झाली. साहित्याची सेवा करायची असेल तर निवडणुकीच्या अफवेइतकं गुणकारी औषध दुसरं नाही, असं माझं मत झालंय, आणि साहित्य संस्थांचा ज्यांना अनुभव आहे ते माझ्याशी वाद घालणार नाहीत.

लॅपटॉपनं पडद्यावर आलेख दाखवला. सभासदांची रेघ उभी चढली होती. देवघेवीची रेघ जमिनीला समांतर होती. नव्या सभासदांपैकी एक गृहस्थ मात्र प्रत्यक्ष आले. काउंटरवर उभे राहून इकडेतिकडे बघत म्हणाले, "मी इथला सभासद आहे असं कळलं. कशाचं आहे हे?"

पुढच्या एप्रिलमध्ये 80 टक्के नूतनीकरणाची वेळ आली. मेव्हण्यांनी विचारलं, गेल्या वर्षी तुम्हीच भरले होते ना? साडूंनी फोन उचलला नाही. दुसरा गट स्वस्थ बसला, कारण मतदार यादीत नावं चढून झाली होती. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं. म्हणाल्या, "जो पहिल्या महिन्यात पुस्तक नेत नाही तो दुसऱ्या वर्षी येत नाही. मी 22 वर्षं बघतेय." लॅपटॉपनं लगेच नवा आणि जुना असे दोन रकाने केले, दोन्हींचं नूतनीकरण वेगवेगळं काढलं, आणि बाईंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. त्याला हे काढायला एक शनिवार आणि एक रविवार लागला. अध्यक्षांनी त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला.

थकबाकीदारांना फोन करायचं कामही बाईंकडेच होतं. ते फोन मी शेजारी बसून ऐकलेत.

"काका, वाचनालयातून बोलतेय. वर्गणी राहिलीय, आणि तुमच्याकडे एक पुस्तक आहे."

"अगं, पुस्तक आहे म्हणून तर मी येत नाही."

"म्हणजे?"

"दंड झाला असेल ना बराच. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"काका, तुम्ही येत नाही म्हणून तो वाढतोय."

"तेच तर. आधीच आलो असतो तर बरं झालं असतं. आता राहू दे."

या युक्तिवादाला तोड नाही. दुसऱ्या एका वहिनींनी सांगितलं की पुस्तक जावेकडे आहे, आणि जावेशी सध्या बोलणं नाही. जमिनीचा निकाल लागला की बघू. एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं की ते पुस्तक त्यांच्याकडेच असणं योग्य आहे, कारण गावात ते समजणारा दुसरा कोणी नाही.

लॅपटॉपनं उपाय सुचवला की दंड माफ करून टाका. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं 2019 मध्ये उशिराचा दंड रद्द केला, न्यूयॉर्कनं 2021 मध्ये केला, आणि शिकागोत तर पुस्तकं आणि माणसं दोन्ही परत येऊ लागली. खजिनदार उभे राहिले. म्हणाले, "अंदाजपत्रकात दंडापोटी जमा धरलीय तिचं काय? दंड माफ केला तर दंडाचं उद्दिष्ट कसं गाठायचं?" मुद्दा बिनतोड होता. लोकांनी पुस्तकं वेळेवर आणावीत हे एक उद्दिष्ट आणि त्यांनी ती उशिरा आणावीत हे दुसरं. दोन्ही सर्वानुमते मंजूर झालेली. शेवटी माफीचा एक आठवडा पाळायचं ठरलं. खजिनदारांनी ठरावात ‘अपवाद म्हणून’ हे शब्द दोनदा घालून घेतले.

त्या आठवड्यात पुस्तकं आली ती रिक्षानं आली. आजोबांनी नेलेली नातवानं आणली. एका कादंबरीत लग्नाची पत्रिका निघाली. त्या लग्नातल्या नवऱ्या मुलाला आता स्वतःला जावई आलाय. एका माणसानं चार पुस्तकं आणली त्यांतली दोन आमची होती, एक दुसऱ्या गावच्या वाचनालयाचं होतं आणि एकावर त्याच्याच मित्राचं नाव होतं. मित्र शेजारी रांगेत उभा होता. पुढचं संभाषण वाचनालयाच्या शांततेला धरून नव्हतं.

देवघेवीच्या उद्दिष्टाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती मुळात एकाच माणसाची आहे. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते रोज एक पुस्तक नेतात आणि दुसऱ्या दिवशी आणतात. शेवटचं प्रकरण आधी वाचतात. पटलं तर मागे जातात, एरवी जात नाहीत. लॅपटॉपचा आलेख सहा महिने छान चढत गेला आणि सातव्या महिन्यात कोसळला. पुस्तकखरेदी चुकली का, टीव्हीवर नवी मालिका लागली का, मोबाइलचा परिणाम का, यावर दीड तास चर्चा झाली. बाईंनी चहाचे कप गोळा करता करता सांगितलं, "पोस्टमास्तर मुलीकडे नागपूरला गेलेत. गुरुवारी येतात." गुरुवारी आलेख सावरला.

राहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. तिच्या सूचनेच्या शेवटी एक ओळ असते, जी मला वाटतं महाराष्ट्रातल्या सगळ्या संस्थांनी एकाच छापखान्यातून घेतलीय: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासानं भरेल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. त्यामुळे जाणती मंडळी अर्ध्या तासानंच येतात. पहिला अर्धा तास अध्यक्ष, कार्यवाह आणि सतरंजी घालणारा शिपाई असे तिघे घड्याळाकडे बघत बसतात. मग सभा तहकूब होते, लगेच भरते, हिशेब मंजूर होतात आणि उपमा येतो. ही इतकी सोयीची रचना आहे की गणसंख्या भरवण्याचं उद्दिष्ट कार्यवाहांना मनातून पसंतच नव्हतं. "जास्त माणसं आली तर ती प्रश्न विचारतील," असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं. त्या वर्षी दोन्ही गट पूर्ण ताकदीनिशी आले, गणसंख्या पहिल्या दहा मिनिटांत भरली, आणि हिशेब मंजूर व्हायला रात्र झाली. उपमा दोनदा करावा लागला. तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हा वाद अजून चालू आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. यात सभासद हा शब्द कुठेही येत नाही. हे मी सभेत सांगितलं. कार्यवाह म्हणाले, "त्यांना अनुदानाचा प्रस्ताव पाठवायचा नव्हता."

पण बाईंच्या टेबलाच्या खणात एक वही आहे. दोनशे पानी, कव्हरवर शाळेच्या मुलीचं चित्र. लॅपटॉपला ती अपघातानंच दिसली. त्यात कोण काय मागायला आलं आणि आपल्याकडे ते नव्हतं, याची तारीखवार यादी आहे. मागच्या पानांवर येईनासे झालेल्यांची नावं आणि कारणं: ‘मोतीबिंदू, मोठ्या अक्षराचं हवं.’ ‘जिना चढवत नाही.’ ‘दुकान आठला बंद करतात, आपण साडेसातला.’ ‘एकच पुस्तक तिसऱ्यांदा मागितलं, घेतलं नाही, रागावले.’ ‘वारले.’ आमच्या संस्थेत वारल्याची नोंद ठेवणारी ती एकच वही. लॅपटॉप ती उभ्या उभ्या अर्धा तास वाचत राहिला. मग त्यानं पुढच्या सभेत आधीची पाचही उद्दिष्टं मागे घेतली आणि वहीतून काढून तीन साधे प्रस्ताव ठेवले: काउंटर आठवड्यातून दोनदा रात्री नऊपर्यंत उघडं ठेवावं, मोठ्या अक्षरातली पुस्तकं तळमजल्यावर आणावीत, आणि मागणीच्या यादीतली निम्मी तरी पुस्तकं वर्षात घ्यावीत.

तिन्हींवर अनुक्रमे विजेचं बिल, कपाटांचा आकार आणि खरेदी समितीचे अधिकार या विषयांवर चर्चा होऊन ते पुढील सभेत विचारार्थ ठेवण्यात आले. जाता जाता त्यानं एक चौथा प्रस्ताव ठेवला. त्यानं नोंदी पाहिल्या होत्या. गेल्या वर्षात कार्यकारिणीच्या अकरा सदस्यांपैकी पुस्तक कुणी नेलं, याचं उत्तर ‘लॅपटॉपनं’ एवढंच होतं. तेव्हा प्रत्येक सदस्यानं वर्षभरात किमान एक पुस्तक न्यावं.

एवढं नेमकं, मोजता येणारं, मुदत असलेलं, आणि कोण करणार हे अकरा नावांसकट ठरलेलं उद्दिष्ट संस्थेच्या इतिहासात कधी मांडलं गेलं नव्हतं. विरोध करायला जागाच नव्हती. अध्यक्षांनी ते तत्त्वतः मान्य असल्याचं सांगितलं. उपाध्यक्षांनी पुस्तकाच्या पानांची किमान मर्यादा असावी का, अशी विचारणा केली. कार्यवाह वहीत लिहू लागले, "...पुस्तक नेण्यात यावे असे..." आणि खजिनदारांनी हात वर केला.

"एक शंका आहे. न्यायचं ते ठीक. पण ते परत आणण्याचं बंधन राहील का? कारण उद्दिष्टात तसं काही म्हटलेलं नाही."